जुना मान्सून गाळातून कसा वाचतात? आणि तो पाऊस असतो की वारा?

गाळवाली

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक आलेख आला. वर लिहिलं होतं, ‘भारतातला गेल्या १०,००० वर्षांचा पाऊस’. माझ्या मोठ्या दिरांनी लगेच विचारलं, “तेव्हा पर्जन्यमापक कुठे होते?” प्रश्न अगदी रास्त आहे. मी ती रेघ पाहताक्षणी ओळखली, आणि ती पावसाची नव्हतीच. ओमानच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळात एका सूक्ष्म जीवाची कवचं किती टक्के सापडली, त्याची ती रेघ होती. गटावर दोन ओळीत सांगून भागेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

लग्नाआधी तीन वर्षं मी गोव्यात एका प्रयोगशाळेत प्रकल्प साहाय्यक होते. काम एकच: समुद्रतळाचा गाळ धुवायचा आणि त्यातली कवचं वेचायची. ही कवचं फोरॅमिनिफेराची. आम्ही नुसतं ‘फोरॅम’ म्हणायचो. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. खोली छोटी पडली की पुढची मोठी खोली जोडतो, असं गोल गोल. मोठं झालेलं घरसुद्धा बहुधा पाव ते अर्धा मिलिमीटर. काही जाती तळाच्या चिखलात राहतात, काही वरच्या पाण्यात तरंगतात. तरंगणाऱ्यांचं आयुष्य साधारण दोन आठवडे ते महिनाभर. मेल्यावर कवच खाली बसतं आणि त्यावर पुढच्या वर्षाचं, पुढच्या शतकाचं बसत जातं.

आता त्या आलेखाबद्दल. जून ते सप्टेंबर सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर नैर्ऋत्येचा जबरदस्त वारा वाहतो. तो वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची जात अफाट वाढते. खरं तर ती थंड समुद्रातली. उष्ण कटिबंधात ती एवढ्या संख्येने दिसते ती जिथे खालचं पाणी वर येतं तिथेच. १९८१ मध्ये प्रेल आणि करी या दोघांनी अरबी समुद्राच्या तळाच्या अगदी वरच्या थरातले नमुने तपासून दाखवलं, की जिथे पाणी जास्त वर येतं तिथल्या गाळात बुलॉइडिस जास्त. म्हणजे खालच्या थरांत बुलॉइडिस जास्त सापडली तर त्या काळी वारा जोरात होता, असं म्हणता येतं.

वारा. पाऊस नव्हे. दिरांना मला एवढंच सांगायचं होतं.

तिरफळ

ताई, छान लिहिलंत. मी मालवणचा, घरात मासेमारी. खालचं पाणी वर येणं आम्हालाही ठाऊक आहे. पावसाळा सरता सरता पाणी एकदम गार लागतं, कधी कधी तळाचे मासे गुदमरून किनाऱ्याकडे येतात. जुने लोक ‘पाणी फिरलं’ म्हणत. मग ओमानपर्यंत जायचं कशाला? आपल्याच दारातला गाळ का नाही घेत?

गाळवाली

तिरफळदादा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आपल्या किनाऱ्यावरही पाणी वर येतं, दक्षिणेला केरळकडे जास्त, कोकणाकडे कमी. पावसाळ्याच्या शेवटी प्राणवायू अगदी कमी असलेलं पाणी उथळ भागात शिरतं, मासे गुदमरतात ते त्याने. पण ओमानकडे हे सगळं फार मोठ्या प्रमाणावर होतं. शिवाय आपल्याकडे सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या गोड्या पाण्याचा थर वर पसरवतात, त्यामुळे वाऱ्याचा हिशेब आणि नदीचा हिशेब एकमेकांत मिसळतो. ओमानच्या वाळवंटातून नद्या येत नाहीत. तिथे वाऱ्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे.

पण म्हणून आपला गाळ मुका नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या राजीव निगम यांनी कारवारसमोरचा, काळी नदीच्या मुखाजवळचा गाळ तपासला. तळाशी राहणाऱ्या फोरॅमच्या काही जाती गोडं पाणी सोसतात, काहींना ते मानवत नाही. पाऊस वाढला, नदी फुगली, की मुखाजवळची वस्ती बदलते. एका जातीचं कवच डावीकडे वळतं की उजवीकडे, आणि तिची पहिली खोली किती मोठी, यावरूनही त्यांनी पावसाचा अंदाज बांधला. म्हणजे पाऊस विचारायचा तर नदीच्या तोंडाशी, वारा विचारायचा तर ओमानला.

अनुस्वार

माझा प्रश्न दिरांसारखाच. कवचं सापडली, टक्केवारी मोजली, पण हे ८,००० वर्षांपूर्वीचं आणि ते ९,००० वर्षांपूर्वीचं, हे कशावरून? थरावर तारीख थोडीच लिहिलेली असते?

गाळवाली

साधारण ५०,००० वर्षांपर्यंत कार्बन-१४, म्हणजे जीव मेल्यावर ठरावीक गतीने घटत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन. तो किती उरलाय यावरून वय काढतात. त्यासाठी काही मिलिग्रॅम कवचं पुरतात, पण ती एकाच थरातली आणि शक्यतो एकाच जातीची हवीत. ती वेचणं हे माझंच काम होतं, म्हणून सांगते, काही मिलिग्रॅम म्हणजे शेकडो कवचं.

यात एक मेख आहे. समुद्राचं पाणी स्वतःच ‘म्हातारं’ असतं. खोल पाण्याचा हवेशी बराच काळ संपर्क नसतो, त्यामुळे त्यातला कार्बन-१४ कमी झालेला असतो. त्यामुळे कवचाचं वय खऱ्यापेक्षा जगाच्या सरासरीने ४०० वर्षांच्या आसपास जास्त येतं. जिथे खालचं पाणी वर येतं तिथे त्याहूनही जास्त. म्हणजे ज्या भागात वाऱ्याची नोंद उत्तम, नेमकी तिथेच तारखेची दुरुस्ती अवघड. ही दुरुस्ती कशी केली हे न पाहता कुठलाही आलेख मी वाचत नाही.

त्यापलीकडच्या काळासाठी दुसऱ्या खुणा आहेत. मला सगळ्यात आवडणारी खूण गुलाबी रंगाची. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर नावाची एक जात उबदार वरच्या पाण्यात राहते. तिचा एक प्रकार पांढरा, एक खरोखर गुलाबी, सूक्ष्मदर्शकाखाली साखरेच्या दाण्याला गुलाबाचा रंग लावावा तसा. अटलांटिकमध्ये गुलाबी अजून जिवंत आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरातून मात्र ती साधारण १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीशी झाली. अरबी समुद्राच्या गाळात खाली खाली जाताना पहिला गुलाबी दाणा दिसला की कळतं, आपण कुठे पोहोचलो. माझ्या तीन वर्षांत मला तो एकदाच दिसला. त्या दिवशी आम्ही चौघी आळीपाळीने भिंगातून पाहत होतो.

पाचोळा

धागा वाचनखूण म्हणून साठवला. ताई, हे वेचणं म्हणजे नक्की काय करायचं असतं? मुलगी अकरावी विज्ञानला आहे, तिला वाचून दाखवतेय.

गाळवाली

मुलीसाठी जरा नीट सांगते.

जहाजावरून लांब पोकळ नळी वजनाच्या जोरावर तळात घुसवतात. वर येते ती चिखलाची लांबलचक कांडी, तिला कोअर म्हणतात. ती उभी चिरून सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करतात आणि पिशव्यांवर खोली लिहितात. आमच्याकडे या पिशव्या यायच्या. नमुना वाळवायचा, वजन करायचा, पाण्यात भिजवायचा आणि ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर बारीक धारेखाली धुवायचा. चिखल वाहून जातो, चाळणीवर वाळूसारखं काही उरतं. ती वाळू नसते. खोल समुद्रातल्या नमुन्यात ती जवळजवळ सगळी कवचंच असतात. पहिल्यांदा भिंगाखाली पाहिलं तेव्हा मला शब्द सुचेना.

मग १५० मायक्रॉनच्या वरचे दाणे घ्यायचे, विभाजकाने निम्मे-निम्मे करत निदान ३०० कवचं उरतील इतके ठेवायचे, आणि चौकटी आखलेल्या काळ्या ताटलीत पसरून एकेक मोजायचं. अगदी बारीक, तीन शून्यांचा ब्रश टोकाला किंचित ओला केला की कवच त्याला चिकटतं. ते डिंक लावलेल्या पट्टीवर आपापल्या जातीच्या घरात ठेवायचं. पंखा बंद, कारण एका फुंकरीने दिवसाचं काम उडतं. गोव्यातल्या मे महिन्यात पंखा बंद.

बुलॉइडिस ओळखायची खूण: चार फुगीर गोल खोल्या आणि मध्ये मोठं उघडं तोंड. तिच्यासारखीच दिसणारी फाल्कोनेन्सिस नावाची जात आहे, पण तिच्या तोंडाला ओठासारखी पातळ कड असते. सुरुवातीचे पंधरा दिवस मी ती कड न पाहता दोन्ही एकत्र मोजल्या. वरिष्ठांनी एक पट्टी सहज उचलून पाहिली आणि माझे सगळे नमुने परत मोजायला लावले. तेव्हा रडू आलं होतं. पण ती चूक तशीच राहिली असती तर कुणाच्या तरी आलेखात एक खोटा वादळी काळ आला असता. म्हणून मला हे काम नुसतं यंत्रावर आकडा वाचण्यासारखं कधीच वाटलं नाही.

भरतीओहोटी

मी भूशास्त्र शिकवतो (निवृत्तीला दोन वर्षं). धागा उत्तम चालला आहे, थोडी भर घालतो. टक्केवारी हा एक मार्ग. दुसरा मार्ग कवचाच्या चुन्यातल्या ऑक्सिजनचा.

ऑक्सिजनचे दोन भाऊ समजा, १६ वजनाचा हलका आणि १८ वजनाचा जड. समुद्राची वाफ होताना हलका जास्त उडतो. हिमयुगात तो हलका ऑक्सिजन बर्फाच्या थरांत अडकून जमिनीवरच राहतो आणि समुद्रात जडाचं प्रमाण वाढतं. शिवाय पाणी जितकं थंड, तितका कवचात जड ऑक्सिजन जास्त शिरतो. म्हणजे एकाच आकड्यात दोन गोष्टी. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये असे आकडे मांडले तेव्हा त्यांनी त्यातला मोठा वाटा तापमानाला दिला. १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी दाखवलं की मोठा वाटा बर्फाचा आहे. आकडे तेच होते, त्यांचा अर्थ बदलला. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो, कारण विद्यार्थ्यांना वाटतं मोजमाप झालं की काम संपलं.

आणि आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट: पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल यांमुळे हिमयुगांचा ताल ठरतो, याचा ठोस पुरावा १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दिला तो दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरवरून. साधारण ४,५०,००० वर्षांची नोंद, आणि त्यात १,००,०००, ४२,००० आणि २३,००० वर्षांचे आवर्तकाळ स्पष्ट दिसले.

अनुस्वार

सर, मग बर्फ आणि तापमान वेगळं कसं करतात? आणि यात पाऊस कुठे बसतो?

भरतीओहोटी

मॅग्नेशियमने. कवच बांधताना कॅल्शियमबरोबर थोडं मॅग्नेशियमही शिरतं, आणि पाणी जितकं उबदार तितकं जास्त. दर अंश सेल्सियसला हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं. एकाच जातीच्या कवचांतून मॅग्नेशियमने तापमान काढायचं, ऑक्सिजनच्या आकड्यातून तो वाटा वजा करायचा, बर्फाचा जागतिक वाटाही वजा करायचा. उरतं ते त्या जागच्या पाण्याचं, म्हणजे खारटपणाचं. नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी मिसळलं की तो आकडा हलका होतो. पाऊस इथे बसतो.

याचं प्रसिद्ध उदाहरण सिंधूच्या मुखासमोरचं. २००३ मध्ये श्टाउबवासर आणि सहकाऱ्यांनी कराचीजवळच्या कोअरमधल्या रुबरच्या कवचांवरून दाखवलं की साधारण ४,२०० वर्षांपूर्वी सिंधूचं समुद्रात येणारं पाणी कमी झालं. त्या भागात तळाशी प्राणवायूच नाही, त्यामुळे चिखल उकरणारे किडे नाहीत आणि गाळाचे पातळ थर वहीच्या पानांसारखे अखंड राहिलेले. हडप्पा संस्कृतीची शहरं ओस पडण्याचा काळही जवळपास तोच. पण नदीचं पाणी आटलं यावरून शहरं का सुटली हे आपोआप सिद्ध होत नाही, ते पुरातत्त्वाच्या लोकांनी सांगायचं.

रानजाई

हडप्पाचा विषय निघाला म्हणून. लोथलच्या गोदीत फोरॅम सापडले असं वाचलं होतं. खरं का?

गाळवाली

हो. लोथलची ती विटांची मोठी आयताकृती रचना गोदी होती की सिंचनाचा तलाव, हा जुना वाद. १९८८ मध्ये निगम यांनी तिथल्या गाळात समुद्रातले फोरॅम असल्याचं दाखवलं. म्हणजे भरतीचं खारं पाणी आत येत होतं. तलावात शेतीसाठी खारं पाणी कोण घेईल? मला तरी हा पुरावा गोदीच्या बाजूने वजनदार वाटतो. बाकीचे मुद्दे पुरातत्त्वाचे, त्यावर मी बोलणार नाही.

तिरफळ

ताई, मूळ मुद्द्यावर येतो. ओमानचा वारा जोरात म्हणजे आपल्याकडे पाऊस जास्त, असं धरायला हरकत काय? वारा तर तोच पाऊस घेऊन येतो ना?

गाळवाली

दादा, याच प्रश्नासाठी मी धागा काढला.

बऱ्याच अंशी बरोबर आहे. अनिल गुप्ता, अँडरसन आणि ओव्हरपेक यांनी २००३ मध्ये ओमानच्या किनाऱ्यालगतच्या ७२३ क्रमांकाच्या कोअरमधली बुलॉइडिस मोजली. सध्याच्या उबदार काळाच्या सुरुवातीला वारा जोरात होता, पुढे हळूहळू मंदावला, आणि मध्ये मध्ये तो अचानक कमकुवत झाला ते काळ उत्तर अटलांटिकमधल्या थंडीच्या झटक्यांशी जुळतात. व्हॉट्सअ‍ॅपवरची रेघ बहुधा हीच. ढोबळ चित्रात गुहांमधले चुन्याचे स्तंभ आणि तळ्यांचे गाळही हेच सांगतात.

पण याच मंडळींचं २००२ चं काम बघा. गेल्या चार शतकांत, म्हणजे साधारण १६०० सालानंतर, ओमानकडची बुलॉइडिस वाढत गेली आहे. अर्थ: वारा वाढला. मग पाऊसही तसाच वाढत गेला का? मध्य भारताची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली पर्जन्यमापकांची नोंद काढा. मोसमी पाऊस तिथे वाढलेला नाही, घटलेला आहे, आणि अतिवृष्टीचे दिवस मात्र वाढले आहेत. वारा समुद्रावरून बाष्प आणतो, पण ते कुठे, किती आणि कसं पडेल हे जमीन-समुद्राच्या तापमानावर आणि इतर कितीतरी गोष्टींवर ठरतं. आमच्या घरच्या गटावर त्या आलेखाखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘म्हणजे पुढेही चांगला पाऊस होणार, धरणांची काळजी नको’. ते वाचून मला खरंच भीती वाटली. कवचाला जे विचारलंच नाही त्याचं उत्तर लोक त्याच्या तोंडी घालतात.

भरतीओहोटी

गाळवाली ताईंना दुजोरा. हा फरक शास्त्रज्ञांमध्येही पूर्ण मिटलेला नाही. २३,००० वर्षांच्या आवर्तनात उन्हाळ्यातलं ऊन सर्वाधिक असतं तेव्हापासून अरबी समुद्राच्या नोंदीतला वाऱ्याचा जोर सुमारे ८,००० वर्षं उशिरा येतो. चीनमधल्या गुहांच्या नोंदीत हाच उशीर ३,००० वर्षांच्या आसपास. इतकी तफावत का, यावर अनेक वर्षं वाद चालू आहे. माझं मत: दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात, दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतील.

अजून मागे गेलं तर गोष्ट आणखी बदलते. अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या ओवेन पर्वतरांगेवरच्या कोअरमध्ये साधारण ८० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत बुलॉइडिस एकदम वाढते, म्हणून बराच काळ ‘मान्सून तेव्हा जोरात आला, हिमालय उंचावल्यामुळे’ असं शिकवत. मीही शिकवलं. नंतर मालदीवजवळच्या गाळावरून आणि अरबी समुद्राच्याच नव्या अभ्यासांवरून आजच्यासारखे मोसमी वारे १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वी आले असं पुढे आलं. माझ्या टिपणांतलं ते पान मी बदललं.

पाचोळा

आमच्या मुंबईजवळ असं कुणी खोदलंय का?

भरतीओहोटी

हो. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहीम ३५५ झाली. ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या खोल समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात, दोन ठिकाणी छिद्रं घेतली. एक छिद्र तळाखाली १,१०० मीटरपर्यंत गेलं. दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक धनंजय पांडे, गोव्याच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे. त्यांना तिथे समुद्राखाली झालेल्या एका प्रचंड दरड कोसळण्याचा मलबा लागला. त्या कोसळीचं नाव नटराज.

अनुस्वार

एक शेवटची शंका. बुलॉइडिस वाढते ती वरच्या पाण्यात, पण तळाला पोहोचेपर्यंत प्रवाह तिला कुठच्या कुठे नेत नसतील?

गाळवाली

फार चांगली शंका. नेतात, पण तुम्हाला वाटतं तितकं नाही. रिकामं कवच जड असतं, काही दिवस ते दोन आठवड्यांत ३-४ किलोमीटर खाली पोहोचतं. आणि हे नुसतं गणित नाही. १९८६ पासून भारत आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रात गाळाचे सापळे टांगले. मोठं नरसाळं, खाली आपोआप फिरणाऱ्या बाटल्या, दर बाटलीत ठरावीक दिवसांचा पडलेला गाळ. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत पडणारा गाळ कितीतरी पटीने वाढतो हे त्यात दिसलं, आणि पश्चिमेकडच्या सापळ्यांत बुलॉइडिसही तेव्हाच वाढते. जिवंत वर्षाशी ताडून पाहिलेलं असल्यामुळेच जुन्या थरावर विश्वास ठेवता येतो.

तिरफळ

ताई, खाडीच्या चिखलात ही कवचं साध्या भिंगाने दिसतील का? लेक मागे लागलीय.

गाळवाली

नक्की दिसतील, दादा. ओहोटीला चिखलाचा वरचा बोटभर थर घ्या, शेवाळाजवळचा. जुन्या नायलॉनच्या ओढणीच्या दोन पदरांतून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, उरलेलं काळ्या कागदावर वाळवा. दहा पट दाखवणारं भिंग असेल तरी चालेल, वीस पट असेल तर उत्तम. खाडीत बहुधा अमोनिया नावाची जात मिळेल, चपटी, गोगलगायीसारखी फिरलेली. ती गोडं-खारं दोन्ही सोसते.

तिरफळ

रविवारी केलं. ओढणी बायकोची होती, तिनेही बसून पाहिलं. पहिल्या कागदावर काहीच नाही, सगळी वाळू. दुसऱ्या नमुन्यात लेकीला अकरा सापडली. तिने वहीत गोल काढून तारीख, भरतीची वेळ आणि ‘पाणी अर्धं गोडं’ असं लिहून ठेवलंय. पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून परत घेणार म्हणते.

गाळवाली

जागा नीट लिहून ठेवायला सांगा, कुठल्या दगडापासून किती पावलं ते. आणि अकराही कवचं टाकू नका, कागदावर डिंकाचा थेंब लावून चिकटवा. पावसाळ्यानंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला मलाही आवडेल.